ऑनलाइन प्रश्नमंजुषेत प्रश्न किती ठेवावेत? दरवेळी येणाऱ्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय

मराठी भाषा गौरव दिन, महाराष्ट्र दिन, गणेशोत्सव, वाचन प्रेरणा दिन. यांतलं काहीही जवळ आलं की वाचनालयं, मंडळं आणि सोसायट्यांचे ग्रुप ऑनलाइन प्रश्नमंजुषा काढतात. आयोजकांच्या बैठकीत पहिला वाद होतो तो आकड्यावरून. एक जण म्हणतो, दहाच ठेवा, लोकांना वेळ कुठे आहे? दुसरा म्हणतो, दहात काय कळणार, पन्नास तरी हवेत. मग भाजीबाजारात दोघांच्या मधला भाव ठरतो तसा पंचवीसवर सौदा होतो. पंचवीसच का, हे कोणीच सांगू शकत नाही. स्पर्धा होते, त्याच तक्रारी येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा आकड्यावरूनच बैठक रंगते.

फॉर्म बनवण्यापासून निकाल लावण्यापर्यंतचं हे काम मी बरंच करते, म्हणून आधी घाईत असणाऱ्यांसाठी सरळ आकडे. लोक आपापल्या सोयीने लिंक उघडून सोडवणार असतील तर १५ प्रश्न. ठरल्या वेळी सगळ्यांनी एकत्र खेळायची लाइव्ह क्विझ असेल तर १५ ते २०. रोज एक भाग अशी मालिका असेल तर दिवसाला ५. एवढ्यावर काम भागत असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

बहुतेकांचं भागत नाही. कारण प्रश्न वाढवून किंवा कमी करून ज्या तक्रारी मिटवायला आपण जातो, त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ संख्येत नसतंच. तेव्हा आकड्याला हात लावण्याआधी तुमची नेमकी तक्रार कोणती ते बघा.

तक्रार: पैकीच्या पैकीवालेच ढिगाने येतात, नंबर कसे काढायचे?

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि यावर सगळ्यांना सुचणारा उपायही एकच: प्रश्न वाढवा. थांबा. आधी गुगल फॉर्मला जोडलेली शीट उघडा आणि टाइमस्टॅम्पच्या, म्हणजे सबमिट केल्याच्या वेळेच्या, रकान्यावर क्रम लावा. पूर्ण गुणवाले दिवसभर विखुरलेले आहेत, की पहिल्या तासात एखाददुसरा आणि दुपारनंतर रांगच लागली आहे? रांग लागली असेल तर ती हुशारीची नाही. फॉर्मच्या सेटिंगमध्ये गुण लगेच दाखवण्याचा पर्याय चालू असतो आणि त्याखाली बरोबर उत्तरं दाखवण्याची खूणही तशीच राहिलेली असते. पहिला माणूस सबमिट करतो, उत्तरांचा स्क्रीनशॉट काढतो आणि ‘फॅमिली’ ग्रुपवर टाकतो. अशा वेळी शंभर प्रश्न ठेवलेत तरी निकाल तोच लागणार. गुण लगेच दाखवायचे तर दाखवा, पण चुकलेले प्रश्न आणि बरोबर उत्तरं या दोन्ही खुणा स्पर्धा संपेपर्यंत काढून ठेवा. उत्तरसूची शेवटी सगळ्यांना एकदमच पाठवा.

रांग नसेल आणि तरीही पूर्ण गुणवाले भरपूर असतील, तर प्रश्न सोपे आहेत. इथेच संख्या वाढवण्याचा मोह होतो, म्हणून थोडं गणित करून बघू. तयारीचे १०० स्पर्धक धरा. सोपा प्रश्न त्यांच्यातले ९५ जण बरोबर सोडवतात. असे २० प्रश्न दिले तर सगळेच्या सगळे बरोबर येणारे साधारण ३६ जण निघतात. प्रश्न ३० केले तर २१. पन्नास केले तरी आठ-एक जण उरतातच, आणि तोवर बाकीच्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो.

आता सोपे १० ठेवा आणि निम्म्यांनाच येतील असे ५ घाला. एकूण झाले १५. पैकीच्या पैकी मिळवणारे उरतात दोन! ज्याला एक अवघड प्रश्न येतो त्याला दुसराही येण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे वर सरकतात. पण पन्नासांवर पंधरा भारी पडतात, हे काही बदलत नाही.

निम्म्यांना येणारा प्रश्न म्हणजे आडवळणाचा किंवा फसवा प्रश्न नव्हे. हा बघा:

महाराष्ट्राच्या सीमेला किती राज्यं लागून आहेत? चार, पाच, सहा की सात?

उत्तर सहा. गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक, गोवा. प्रत्येक जण बोटांवर मोजतो आणि अडखळतो. कोकणातला माणूस गोवा विसरत नाही पण छत्तीसगड हमखास सोडतो. गोंदिया-गडचिरोलीकडच्याचं उलट होतं. शाळेत आंध्र प्रदेश शिकलेले लोक तेलंगणासोबत आंध्रही धरतात आणि सातवर जातात. म्हणजे प्रश्न साधा आहे, सगळ्यांना आपल्याला येतो असं वाटतं, तरी उत्तरं वाटली जातात. असे प्रश्न सापडले की ते जपून ठेवावेत. एक खबरदारी मात्र घ्या: ‘केंद्रशासित प्रदेश वगळून’ हे शब्द प्रश्नातच घाला. नाहीतर दादरा-नगर हवेली मोजलेले काका निकालाच्या दिवशी फोन करतील, आणि त्यांचंही चूक नसेल.

दुसरा नमुना:

१ मे १९६० रोजी पुढीलपैकी कोणता जिल्हा अस्तित्वात नव्हता? रत्नागिरी, जालना, परभणी, भंडारा.

राज्य झालं तेव्हा जिल्हे २६ होते, आज ३६ आहेत, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. कोणते नंतर झाले यावर मात्र लोक गडबडतात. जालना १९८१ चा. हाच विषय आणखी चढा करायचा असेल तर सिंधुदुर्ग, गडचिरोली, मुंबई उपनगर आणि पालघर हे जिल्हे निर्मितीच्या क्रमाने लावायला सांगा (१९८१, १९८२, १९९०, २०१४). गुगलवर शोधून उत्तर द्यायचं तर चार वेळा शोधावं लागतं, बहुतेकांना त्याचा कंटाळा येतो. प्रश्नाचा फोटो काढून एआयला विचारणाऱ्यांपुढे अर्थात हेही चालत नाही. गुगल फॉर्ममध्ये स्वतःचा टायमर नसतो, त्यामुळे घरबसल्या सोडवायच्या फॉर्मवर रोख बक्षीस लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बक्षीस मोठं असेल तर फॉर्मवर फक्त चाळणी लावा आणि वरच्या काही जणांची अंतिम फेरी समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर घ्या.

एवढं करूनही गुण सारखे झाले तर? ‘आधी सबमिट करणारा वरचा’ हा नियम सर्रास लावला जातो आणि तो अन्यायाचा आहे. शीटमधला टाइमस्टॅम्प सबमिट केल्याची वेळ सांगतो, सोडवायला किती वेळ लागला ते सांगत नाही. सकाळी नऊला लिंक उघडून अर्धा तास घेणारा जिंकतो आणि रात्री ड्युटीवरून येऊन सहा मिनिटांत संपवणारा हरतो. त्यापेक्षा क्विझ क्लबांची जुनी पद्धत उचला. त्यांच्या लेखी प्राथमिक फेरीत काही प्रश्नांवर चांदणी असते. गुण सारखे झाले तर चांदणीवाले प्रश्न कोणाचे जास्त बरोबर ते बघतात. पंधरांत तीन-चार चांदण्या पुरतात. कोणत्या प्रश्नांवर चांदणी आहे ते आधीच जाहीर करा. शेवटचं हत्यार म्हणून एक अंदाजाचा प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर नेटवर नाही: आपल्या वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत आजवर किती पुस्तकं नोंदली गेली आहेत? जो जवळ जाईल तो वर. लोकांना हा प्रश्न आवडतो, आणि उत्तर ऐकून दोन-चार जण सभासदही होतात.

तक्रार: काही न वाचता टिचक्या मारणाऱ्यांनाही प्रमाणपत्र मिळतं

२०२० च्या टाळेबंदीत ई-प्रमाणपत्राच्या क्विझचा सुकाळ झाला, तेव्हापासूनची ही तक्रार. उत्तीर्ण होण्याची रेषा बहुतेक ठिकाणी शाळेच्या सवयीने ४० टक्क्यांवर ठेवलेली असते. चार पर्यायांचे १० प्रश्न आणि ४० टक्के रेषा असेल, तर डोळे मिटून तुक्के मारणाऱ्या दर १०० जणांमागे २२ जण पास होतात. प्रश्न दुप्पट करून २० केले तर १०. पण प्रश्न दहाच ठेवून रेषा ६० टक्क्यांवर नेली तर दोनच.

म्हणजे फॉर्ममध्ये एकही प्रश्न न वाढवता, जाहिरातीतला एक आकडा बदलून काम झालं. शाळकरी मुलांसाठी असेल आणि सगळ्यांना काहीतरी द्यायचंच असेल, तर ‘सहभाग प्रमाणपत्र’ म्हणा आणि रेषाच ठेवू नका. दोन्ही ठीक आहे. ४० टक्क्यांवर ‘प्रावीण्य’ लिहून देणं मात्र ठीक नाही.

तक्रार: लिंक खूप जण उघडतात, सबमिट थोडेच करतात

आधी हे खरंच होतंय का ते तपासा. गुगल फॉर्म अर्धवट सोडलेल्यांची काहीच नोंद आयोजकाला देत नाही. सबमिट झालं तेवढंच शीटमध्ये दिसतं. छोटी लिंक बनवून ती फिरवली तर किती वेळा टिचकी पडली ते कळतं. एकच माणूस चारदा उघडतो, त्यामुळे तो आकडा फुगलेला असतो. तरी टिचक्या आणि सबमिट यांत मोठी दरी असेल तर लोक गळताहेत हे नक्की.

कुठे गळतात? प्रश्नपत्रिका लांब आहे असा निष्कर्ष काढण्याआधी स्वतःचा फॉर्म स्वतःच्या मोबाइलवर, अंगठ्याने, पहिल्यापासून भरा. लॅपटॉपवर बघू नका. पूर्ण नाव, पत्ता, तालुका, जिल्हा, पिनकोड, ईमेल, व्हॉट्सॲप क्रमांक, पुन्हा व्हॉट्सॲप क्रमांक, ‘ही माहिती तुम्हाला कुठून मिळाली’ आणि या सगळ्यांवर लाल चांदणी, म्हणजे भरणं सक्तीचं. पहिला प्रश्न दिसायच्या आत नऊ रकाने! अर्धे लोक इथूनच परत जातात. नाव आणि गाव एवढं पुरे. पत्ता विजेत्याला विचारता येतो.

दुसरी जागा म्हणजे टाइप करायची उत्तरं. पर्याय निवडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट तरी वेळ मराठीत टाइप करायला लागतो. शिवाय फॉर्म अक्षर न् अक्षर जुळलं तरच गुण देतो. ‘शीवनेरी’ लिहिलेल्याला शून्य मिळतं आणि रोमन लिपीत लिहिलेल्यालाही. मग तुम्ही रात्री बसून हाताने गुण देता. असे प्रश्न जास्तीत जास्त एक-दोन ठेवा.

तिसरी जागा वाक्यरचनेची. आपल्याकडे प्रश्न काढणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी केलेलं कोणीतरी असतंच, आणि त्याच्या हातून ‘खालील विधाने विचारात घ्या, अ, ब आणि क, यांपैकी कोणते विधान अचूक आहे: केवळ अ, केवळ अ आणि ब…’ या साच्यातलेच प्रश्न उतरतात. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरला १०० प्रश्नांना दोन तास असतात, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. तिथे नोकरी पणाला लागलेली असते. इथे माणूस लोकलमध्ये बसायला मिळालंय तेवढ्यात लिंक उघडतो. प्रश्न मोठ्याने वाचून बघा. पर्यायांसकट वाचताना मध्ये श्वास घ्यावा लागला तर तो कापा. एका ओळीचा प्रश्न आणि एकेका शब्दाचे पर्याय असतील तर प्रश्नाला अर्धा मिनिट धरायला हरकत नाही. नाव-गाव धरून १५ प्रश्न आठ-नऊ मिनिटांत होतात.

हे सगळं नीट असूनही गळती असेल तरच संख्या कमी करा. तेव्हाही मागचे प्रश्न सरसकट उडवू नका, सर्वांत सोपे उडवा. सोपे प्रश्न सुरुवातीला दोन-तीन लागतात, लोकांचा हात बसावा म्हणून. उरलेल्यांचा उपयोग नसतो.

फॉर्मच्या आणखी दोन खुब्या सांगून टाकते. प्रश्नांची पाच-पाचांच्या सेक्शनमध्ये विभागणी करा आणि प्रगतीपट्टी चालू करा. पुढे किती उरलंय ते दिसलं की लोक टिकतात. नाव-गावाचा सेक्शन वेगळाच ठेवा, नाहीतर प्रश्नांचा क्रम उलटसुलट करण्याची सोय वापरलीत की ‘आपले गाव’ हा रकाना सातव्या प्रश्नानंतर उगवतो. स्पर्धक गुगल खात्यात साइन-इन असेल तर त्याची अर्धवट उत्तरं मसुदा म्हणून ३० दिवस राहतात. साइन-इन नसेल आणि मध्येच टॅब बंद झाला तर सगळं पहिल्यापासून. लांबलचक फॉर्म तेव्हा फार महागात पडतो.

स्पर्धा परीक्षेची किंवा शिष्यवृत्तीची मुलं हाच तुमचा वर्ग असेल तर यातलं काही लागू नाही. ती ५० प्रश्न हसत सोडवतील आणि १५ दिलेत तर ‘बस्स, एवढेच?’ म्हणतील. त्यांना सराव हवा असतो, विरंगुळा नाही.

तक्रार: लाइव्ह क्विझ संपता संपत नाही

लाइव्हची लांबी तुम्ही ठरवत नाही, कॉल ठरवतो. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते. गुगल मीटवर तिघांपेक्षा जास्त असाल तर तासाभरात. आता उलटं मोजा. लोक येईपर्यंत, ‘माझा आवाज येतोय का’ संपेपर्यंत आणि ज्येष्ठांना खेळात शिरायचा पिन टाकून देईपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. शेवटी निकाल आणि आभारांना तीन. उरली तीस.

कहूट या लाइव्ह क्विझच्या ॲपवर प्रश्नाची वेळ मुळात २० सेकंद असते, म्हणून लोक २० गुणिले २० करतात आणि सात मिनिटांत संपेल असं धरून चालतात. प्रत्यक्षात प्रश्न दिसणं, उत्तरं येणं, बरोबर उत्तराची पट्टी, लीडरबोर्ड, त्यावर हशा, ‘अरे मी निळं दाबलं होतं’ हे धरून एका प्रश्नाला सव्वा ते दीड मिनिट जातंच. तीस मिनिटांत वीस प्रश्न बसतात, जेमतेम. सूत्रसंचालक प्रत्येक उत्तरामागची गोष्ट सांगणारा असेल तर पंधराच ठेवा. आणि तसा असावाच. किस्से नसतील तर लाइव्ह घ्यायची कशाला?

वेळेची कंजूषी करायला प्रश्नाचे सेकंद मात्र कमी करू नका. व्हिडिओ कॉलवर शेअर केलेला पडदा दोन-तीन सेकंद मागे असतो, उत्तराची बटणं मात्र फोनवर लगेच येतात. कहूटमध्ये बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण असतात आणि वेळ संपेपर्यंत ते निम्म्यापर्यंत उतरतात. २० सेकंदांच्या प्रश्नात तीन सेकंदांचा उशीर झाला तर ७५ गुण जातात, ३० सेकंदांच्या प्रश्नात ५०. आजी-आजोबा आणि कमकुवत नेटवाले खेळणार असतील तर ३० ठेवा आणि प्रश्न स्पर्धकांच्या फोनवरही दिसतील अशी सेटिंग चालू करा. परदेशातले मंडळवाले जोडून घेणार असाल तर घड्याळ बघा: २७ फेब्रुवारीला आपल्याकडे रात्री आठ वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे अडीच आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ असतात. ऑफिसच्या वेळेत त्यांच्याकडून वीस मिनिटांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

कहूटवर मराठी प्रश्न मावत नाही, ही त्यातलीच एक पोटतक्रार. प्रश्नाला १२० कॅरॅक्टरची मर्यादा आहे, आणि आपली अक्षरं त्यात वेगळी मोजली जातात. ‘सिंधुदुर्ग’ आपल्याला चार अक्षरी वाटतं. संगणक वेलांटी, अनुस्वार, उकार, हलन्त सगळं सुटं मोजून दहा म्हणतो. तेव्हा ‘पुढे दिलेल्या पर्यायांपैकी योग्य पर्याय निवडून सांगा’ हे शेपूट आधी कापा.

तक्रार: विषय मोठा आहे, पंधरांत मावत नाही

मग एका दिवसात कोंबू नका. गणेशोत्सवात पन्नास प्रश्नांच्या एका फॉर्मपेक्षा रोज पाच प्रश्न दहा दिवस चालवले तर लोक आरतीनंतर दोन मिनिटांत सोडवतात आणि दुसऱ्या दिवशी ‘आजचे आले का?’ म्हणून स्वतःहून विचारतात. एकच अट: दहाही दिवसांचे गुण धरू नका. गौरीच्या दिवशी घरात पाहुणे असतात, कोणाचा दिवस चुकतोच, आणि एकदा चुकला की तो माणूस उरलेले दिवस सोडून देतो. दहापैकी सर्वोत्तम सात दिवसांचे गुण धरा. उत्तरं दुसऱ्या दिवशी सकाळी टाका, नव्या प्रश्नांच्या आधी.

हे व्हॉट्सॲपच्या पोलवर चालवू नये. पोलमध्ये १२ पर्यंत पर्याय देता येतात, बनवायला सोपं आहे, सगळं खरं. पण कोणी काय मत दिलं ते ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं. ग्रुपमधले निवृत्त भूगोलाचे सर उत्तर देईपर्यंत बाकीचे गप्प बसतात आणि मग त्यांच्याच पर्यायावर रांग लावतात. गप्पा रंगवायला पोल घ्या. गुण मोजायचे असतील तर पाच प्रश्नांसाठीसुद्धा फॉर्मच बनवा.